अपडाऊनसाठी जुनी कार घ्यायचीय: मराठवाड्यातून सारखे येणारे प्रश्न

जालना-संभाजीनगर, परभणी-नांदेड, अंबाजोगाई-लातूर, गेवराई-बीड, रोज अपडाऊन करणारे शिक्षक, नर्स, बँकवाले, एमआयडीसीत शिफ्ट करणारी पोरं असे सगळे एकसारखेच प्रश्न विचारायलेत. म्हणून इथं एकाच जागी लिहून ठेवतोय. उत्तर दोन ठिकाणी लागत असेल तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. बजेट दोन-अडीच लाख, रोज अपडाऊन आहे. सुरुवात कुठून करू?

किमतीपासून नका करू, रोजच्या किलोमीटरपासून करा. समजा एका बाजूला ३० किमी आहे, म्हणजे दिवसाला ६०, महिन्याचे २५ दिवस धरले तर १५०० किमी. पेट्रोल हिशोबासाठी १०५ रुपये धरा (परभणीकरांनी जास्तच धरा, मनमाडच्या डेपोतून लांबून इंधन येतं म्हणून तिथला भाव राज्यात वरच्या अंगालाच असतो). १६ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी महिन्याला साधारण ९,८०० रुपयांचं पेट्रोल खाणार, २१ देणारी ७,५०० चं. वर्षाला फरक पडला २८ हजारांच्या आसपास. आता सांगा, पहिली गाडी तीस हजारांनी स्वस्त मिळत असली तरी परवडली का? एका वर्षात ते पैसे पंपावर गेले.

यात विमा, सर्व्हिसिंग, टायर धरा आणि हप्ता असेल तर तो पण, मग महिन्याचा आकडा एका कागदावर लिहा. तो आकडा पगारात बसला पाहिजे, गाडीची किंमत नंतर. आणि अडीच लाख हातात असतील तर गाडी दोन-सव्वादोनचीच बघा, उरलेले पहिल्या तीन महिन्यांत टायर, बॅटरी, ऑइल, ब्रेक पॅड यात जातातच.

२. जाहिरातीत २४-२५ चं अ‍ॅव्हरेज लिहिलेलं असतं, खरं किती पडतं?

तो आकडा एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या लॅबमधल्या टेस्टचा असतो, तिथं ना गतिरोधक ना उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगणं. प्रत्यक्षात पाचवा हिस्सा तरी कमी धरून चला. २४ लिहिलंय तर १८-१९ पकडा, हायवेला ७०-८० नं शांत चालवणाऱ्याला २१ पण मिळतं, गावात पहिल्या-दुसऱ्या गियरवर फिरणाऱ्याला १५ पण येतं. विकणारा सांगेल ते अ‍ॅव्हरेज हिशोबात धरू नका, आणि डिस्प्लेवरचा आकडा सुद्धा बहुतेक वेळा थोडा जास्तच दाखवतो. खरं काढायचं तर टाकी फुल करा, नेहमीच्या रस्त्यावर तीन-चारशे किमी चालवा, त्याच पंपावर परत फुल करा, आणि किलोमीटरला लागलेल्या लिटरनं भागा.

३. नावं सांगा ना दादा, नेमकी कोणती गाडी?

बरं, नावंच सांगतो.

रोज ४० किमीच्या आत, बहुतेक एकटं किंवा दोघं: अल्टो ८०० नाहीतर अल्टो के१०. ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीला उघडता येतं, पार्ट कुठंही मिळतात. पण हायवेला शंभरच्या वर ती हलकी पडते, शेजारून ट्रक गेला की हलते, म्हणून रोज सोलापूर-धुळे हायवेवर लांब जाणाऱ्याला मी ८०० सांगत नाही. त्याच बजेटात के१० चं १००० सीसी इंजिन ओव्हरटेकला बरं आहे.

घरचे सगळे बसणार, आई-वडलांचे गुडघे दुखतात, रस्त्यात खड्डे: वॅगनआर. सीट उंच असल्यानं चढ-उतार सोपा. २०१९ चं नवीन मॉडेल मिळालं तर चांगलंच, नाही तर त्याच्या आधीचं १००० सीसीचं सुद्धा वर्षानुवर्षं चालतं. सेलेरियो पण याच वर्गातली, अ‍ॅव्हरेज चांगलं, आणि वॅगनआरएवढी मागणी नसल्यानं भाव थोडा नरम असतो.

रोज १०० किमीच्या आसपास, हायवे: स्विफ्ट किंवा डिझायर १.२ पेट्रोल, नाहीतर टाटा टियागो. टियागोला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये ४ स्टार मिळालेत, बॉडी जड आहे, गाडी रस्त्याला धरून चालते. अ‍ॅव्हरेज मारुतीपेक्षा थोडं कमी, पण रोज जड वाहनांच्या गर्दीतून जाणाऱ्याला मी ती एक-दोन किमी सोडायला सांगेन. ह्युंदाई ग्रँड आय१० पण चांगली, आतून शांत, फक्त शोरूमची सर्व्हिस महाग पडते.

जपून घ्यायच्या गाड्या: ज्यांची कंपनीच निघून गेली. शेवरोलेनं २०१७ च्या शेवटी इथली विक्री बंद केली, फोर्डनं २०२१ ला कारखाने बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ ला संपली. बीट, फिगो, गो या गाड्या म्हणूनच लई स्वस्त दिसतात. फिगोचं इंजिन चांगलं आहे हे मान्य, आणि तुमच्या गावात तिचा जाणकार मिस्त्री असेल तर विचार करा, पण एखादा सेन्सर किंवा बंपर पुण्याहून मागवायला आठवडा गेला की त्या आठवड्यात ड्युटीवर एसटीनंच जावं लागतं.

४. जीएसटी कमी झाल्यावर नवीनच घ्यावी का मग?

हा हिशोब करायलाच पाहिजे, लई जण करत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, आणि एस-प्रेसो, अल्टो के१० यांची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत चार लाखांच्या आत आली. तरी काही डीलर तीन-चार वर्षं जुन्या गाडीचे जुनेच भाव सांगतात. जुन्या गाडीचा भाव नव्याच्या ऑन-रोड किमतीच्या ७० टक्क्यांच्या वर चालला असेल तर थांबा आणि शोरूममध्ये जाऊन कोटेशन घ्या. नव्या गाडीचं कर्ज स्वस्त मिळतं, वॉरंटी मिळते. दोन-अडीच लाखांच्या बजेटात मात्र अजून जुनीच, तिथं नवीन काही येत नाही.

५. पेट्रोल, डिझेल का सीएनजी?

दिवसाला ५० किमीच्या आत असेल तर पेट्रोल, फार डोकं लावू नका.

८०-१०० च्या वर असेल तर सीएनजीचा हिशोब करा. जालन्याहून संभाजीनगरला रोज जाऊन-येऊन साधारण १२० किमी, महिन्याला ३,०००. पेट्रोलवर २० चं अ‍ॅव्हरेज धरलं तर १५,७५० रुपये. सीएनजी किलोला २६ किमी आणि भाव ९२ धरला तर साधारण १०,६००. महिन्याला पाच हजार वाचले. पण आपल्याकडं पुण्यासारखे पंप अजून नाहीत, संभाजीनगर-लातूरसारख्या शहरात आहेत तिथं पण रांग लागते, प्रेशर कमी असलं की टाकी अर्धीच भरते. म्हणून गाडी घ्यायच्या आधी तुमच्या रस्त्यावरच्या पंपावर तुमच्याच वेळेला, सकाळी आठला नाहीतर संध्याकाळी सहाला, दोन-तीनदा जाऊन रांग बघा. रोज पाऊण तास रांगेत जाणार असेल तर ते पाच हजार तुम्ही घामानं कमावलेत असं समजा. डिकी जवळपास जाते आणि चढाला पिकअप थोडा कमी, हे पण आहे.

डिझेल: मारुतीनं एप्रिल २०२० ला डिझेल बंद केलं, त्यामुळं बाजारात स्विफ्ट, डिझायरचं १.३ डीडीआयएस जे मिळतंय ते त्याच्या आधीचं. इंजिन दणकट आहे, हायवेला २२-२३ सहज देतं. पण आता त्या गाड्या दीड-दोन लाख किमी फिरलेल्या असतात आणि टर्बो, इंजेक्टर, क्लच यातलं एक काम निघालं तरी वर्षाची बचत गेली. रोज १०० किमी आणि ओळखीच्याची, रेकॉर्ड असलेली गाडी, असं दोन्ही असेल तरच घ्या. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातलं) डिझेल घेणार असाल तर त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेला पळावी लागते, गावातल्या गावात फिरवली की दिवा लागतो आणि खर्च काढतो.

६. बाहेरून किट बसवलेली सीएनजी घ्यावी का?

किटची नोंद आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) आहे का ते आधी बघा. आरसीवर इंधन नुसतं पेट्रोल लिहिलंय आणि डिकीत टाकी आहे, अशी गाडी घेऊ नका. अपघात झाला, आग लागली तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख प्लेटवर असते. कंपनी फिटेड मिळत असेल तर दहा-वीस हजार जास्त द्या, तिचं सस्पेन्शन आणि वायरिंग त्या वजनाच्या हिशोबानं केलेलं असतं.

७. आता सगळीकडं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, जुन्या गाडीला चालतं का?

गाडी चालते, बंद पडत नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-१० ला सेट केलेल्या जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट धरली होती. म्हणजे २० देणारी १८.७ च्या आसपास. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ई-२० साठीच तयार केलेल्या असतात. त्याच्या आधीची घेत असाल तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील मिस्त्रीला तपासायला सांगा, कडक झालेले, चिरा पडलेले असतील तर बदला, खर्च फार नाही. आणि गाडी महिना-महिना उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

८. किती वर्षं जुनी आणि किती किलोमीटरची चालेल?

पाच ते आठ वर्षांची, ४० ते ८० हजार फिरलेली पेट्रोल गाडी सगळ्यात परवडते असं माझं मत आहे. पहिल्या मालकाचं नुकसान होऊन गेलेलं असतं आणि गाडीत अजून जीव असतो.

एक तारीख मात्र लक्षात ठेवा: जुलै २०१९. तेव्हापासून प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग, सीट बेल्टची आठवण, स्पीडचा इशारा, मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी एप्रिलपासून. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना २०२२ पासून. रोज हायवेनं जाणाऱ्यानं जुलै २०१९ च्या अलीकडचीच बघावी, नाहीतर जुन्यातलं एअरबॅग आणि एबीएस असलेलं वरचं मॉडेल बघावं. यावर मी कुणाशी घासाघीस करत नाही. घरचे वाट बघत असतात.

आरसी १५ वर्षांची असते, पुढं दर ५ वर्षांनी रिन्यू करायला फी आणि पर्यावरण कर लागतो. त्यामुळं १३-१४ वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तरी तो खर्च धरूनच भाव करा. दिल्लीसारखी १० वर्षांनी डिझेल बंदची भानगड आपल्याकडं नाही.

९. मीटर मागं फिरवलाय हे कसं ओळखायचं?

मीटर ३५ हजार दाखवतोय आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकचकीत, ड्रायव्हरची सीट एका बाजूला दबलेली, तर तो आकडा सोडून द्या. टायरवर चार आकडी कोड असतो, ३२१९ म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला. गाडी २०२१ ची, मीटर २५ हजार आणि टायर २०२४ चे, मग पहिले टायर कुठं गेले हे विचारा. सगळ्यात पक्कं म्हणजे गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, ओळख काढा आणि सर्व्हिस हिस्टरी बघा, त्यात दरवेळचे किलोमीटर असतात. जुन्या विमा पॉलिसीच्या नाहीतर पीयूसीच्या कागदावरून पण कधीकधी धागा लागतो.

१०. गाडी बघायला गेल्यावर काय काय बघू? मला इंजिनातलं काही कळत नाही.

कळत नसेल तर पाचशे-हजार रुपये देऊन मिस्त्री सोबत न्या, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. पण काही गोष्टी तुम्ही स्वतः बघू शकता.

सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम असेल तर काहीतरी लपवायलेत. थंड इंजिन चालू होताना किती वेळ घेतं, खडखड करतं का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काम मोठं. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जात असेल. ऑइलचं झाकण उघडा, आतून दुधी चिकट थर असेल तर तिथूनच परत फिरा.

आपल्या भागातली एक खास गोष्ट, रेडिएटर. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, आणि लोक कूलंटच्या जागी तेच ओततात, मग आत क्षार बसतो, आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत काटा वर चढतो. गाडी थंड असतानाच झाकण उघडून बघा. हिरवं-लाल कूलंट दिसलं तर मालकानं गाडी सांभाळलीय, गंजाचं तांबूस पाणी दिसलं तर भाव पाडा नाहीतर सोडा. एसी दुपारच्या उन्हात गाडी उभी ठेवून पंधरा मिनिटं चालवून बघा, सकाळच्या गारव्यात सगळ्यांचेच एसी चांगले वाटतात. एअर फिल्टर पण काढून बघा, काळ्या मातीच्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीत तो भरलेला असतो आणि अ‍ॅव्हरेज तिथंच जातं.

बॉडीला: दरवाज्याची रबर बीडिंग ओढून आतले कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके बघा, एकसारखे पाहिजेत. पिलरवर ठोकाठोक दिसली तर मोठा अपघात. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टचा रंग उडालाय म्हणजे पाना लागलाय. लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी बारीक लोहचुंबक धरत नाही. बारीक डेंटिंग-पेंटिंगला घाबरू नका, गल्लीत राहणाऱ्या गाडीला ओरखडे येणारच.

चालवताना गतिरोधक, खराब रस्ता आणि ८० चा स्पीड तिन्ही घ्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टेअरिंग हलकं सोडून गाडी एका बाजूला जाते का, ब्रेक दाबल्यावर ओढते का. चौथ्या गियरला एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच प्लेट संपलीय. टायर पाच-सहा वर्षांच्या वर असतील तर नक्षी कितीही दिसू द्या, समृद्धीसारख्या सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर ते नेऊ नका.

११. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

२०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडं जे पाणी आलं त्यानंतर हा प्रश्न लई वाढलाय. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा, खालच्या टोकाला चिखलाची रेघ लपत नाही. स्टेपनीखालचा खड्डा, सीटखालचे गंजलेले बोल्ट, फ्यूज बॉक्समधली माती बघा. काचा बंद करून दहा मिनिटं बसा, कुबट वास येतोय आणि वर अत्तराचा मारा केलाय तर उठा. नुसती चाकं बुडाली होती आणि मालक खरं सांगतोय, बिलं दाखवतोय, तर विचार करता येईल. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेली मात्र फुकट मिळाली तरी नको, वायरिंग पुढची दोन वर्षं छळतं.

१२. डीलर, ओळखीचा मालक का कंपनीचं जुन्या गाड्यांचं शोरूम, कुठून घेऊ?

ओळखीच्या मालकाकडून सगळ्यात स्वस्त आणि गाडीचा इतिहास माहीत असतो. शाळेतल्या नाहीतर ऑफिसातल्या ग्रुपवर टाका, कुणी तरी गाडी बदलायलेलं असतंच. कंपनीच्या शोरूमला भाव तीस-चाळीस हजार जास्त, पण तपासणी आणि थोडीफार वॉरंटी मिळते, ज्याला कुणाचीच ओळख नाही त्याला तेच बरं. गाडी बाजारातल्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, ते मागून बघा. त्यांच्या व्यवहारावर जीएसटी लागतो तो त्यांच्या नफ्यावर १८ टक्के, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, तेव्हा कुणी पूर्ण रकमेवर १८ टक्के मागत असेल तर देऊ नका. मालकाकडून थेट घेतली तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

वेळ: दसरा-दिवाळीला सोयाबीन-कापसाचे पैसे आले की भाव चढतात. जानेवारी-फेब्रुवारीत वर्ष बदलल्यानं गाडी एका वर्षानं जुनी धरली जाते, तेव्हा घासाघीस चांगली होते.

१३. हैदराबाद, बिदर नाहीतर दिल्ली पासिंगची गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळतीय, घेऊ का?

नांदेड, देगलूर, उदगीर, निलंगा या बाजूला हे रोजचंच. गाडी चांगली असू शकते, पण १२ महिन्यांच्या वर ती महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, इथला कर, फी, एजंट, आणि तिकडचा उरलेला कर परत मिळवायला तिकडं खेटे. हा सगळा खर्च काढा आणि मग पन्नास हजारांतून किती उरले ते बघा, बऱ्याचदा काहीच उरत नाही. एनओसी आणून दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दिल्लीच्या स्वस्त डिझेलच्या बाबतीत गाडीचं वय, चासी नंबर, पूर आणि चोरीची तपासणी दुप्पट करा.

१४. शंभर-पाचशेच्या बॉण्डवर लिहून घेतलं, नोटरी केली. गाडी माझ्या नावावर झाली ना?

नाही झाली. बॉण्ड हा तुमच्या दोघांमधला कागद आहे, सरकारच्या लेखी मालक तोच ज्याचं नाव आरसीवर. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हेच सांगितलंय, गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई आरसीवरच्या मालकावर येते. म्हणून हे विकणाऱ्यानंही वाचावं.

करायचं काय तर फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० यावर दोघांच्या सह्या, सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, पॅन. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. अर्ज परिवहनच्या साइटवरून होतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन डीलर सांगतो की करतो नावावर, आणि सहा महिने जातात, तसं होऊ देऊ नका. दहा-पंधरा हजार हातात ठेवा आणि ट्रान्सफरची पावती दिसल्यावर द्या. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांचा कागद करा, त्या वेळेच्या आधीचे चलन त्याचे, नंतरचे तुमचे.

पैसे द्यायच्या आधी एम-परिवहनवर नंबर टाकून मालकाचं नाव, कर्ज, फिटनेस, विमा बघा, ई-चलन वेगळं बघा, कारण थकलेलं चलन पुढं तुमच्याच गळ्यात येतं. चासी आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन आरसीशी जुळवा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली आहे का ते पण, नसेल तर मालकाकडूनच बसवून घ्या.

१५. गाडीवर फायनान्स आहे, मालक म्हणतो पुढचे हप्ते तुम्ही भरा.

असा व्यवहार करू नका. हप्ते तुम्ही भरणार आणि गाडी त्याच्या नावावर, उद्या त्यानं हात वर केले तर तुमच्याकडं दाखवायला काही नाही. बरोबर रस्ता असा: दोघांनी मिळून बँकेत जायचं, उरलेली रक्कम तुम्ही थेट कर्जखात्यात भरायची, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यायचा, एचपी (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवायची, मग ट्रान्सफर. कर्ज फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे असंही लई वेळा असतं, तेव्हा नुसतं फिटलंय यावर जाऊ नका, आरसीवर बघा.

१६. विम्याचं काय? त्याचा अजून आठ महिने चालू आहे.

थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीचा) भाग गाडीसोबत येतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर व्हायला १४ दिवसांत विमा कंपनीकडं अर्ज करावा लागतो. तो केला नाही आणि ठोकली, तर तुमच्या नुकसानीचे पैसे अडकतात. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळं थोडा फरक भरावा लागेल. नुसत्या थर्ड पार्टीचा दर २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १५०० पर्यंत ३,४१६ रुपये ठरलाय, जीएसटी वेगळा. रोज अपडाऊन करणाऱ्यानं मात्र फुल विमाच घ्यावा, का ते प्रश्न १९ मध्ये आहे.

१७. रोज टोल लागतो, तो हिशोबात कसा धरू?

नॅशनल हायवेवर रोज टोल ओलांडत असाल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३,००० रुपयांना सुरू झाला, एक वर्ष नाहीतर २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. खाजगी कारलाच मिळतो. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या म्हणजे चार महिन्यांत संपणार, तरी त्या दरानं एका वेळचे १५ रुपयेच पडत होते. समृद्धीवर हा पास चालत नाही. टोल नाक्यापासून २० किमीच्या आत घर असेल तर स्थानिकांचा मासिक पास पण विचारा. जुन्या मालकाचा फास्टॅग तसाच वापरू नका, त्याला बंद करायला लावा आणि तुमचा नवीन काढा.

१८. आधी टॅक्सी होती, आता पांढरी पाटी केलीय. घ्यावी का?

मी तरी घेऊ नका म्हणेन. कागदोपत्री कन्व्हर्जन बरोबर असू शकतं, पण टॅक्सी वर्षाला ५०-६० हजार किमी सहज फिरते. मीटरचा प्रश्न ९ मध्ये आहेच.

१९. आम्ही चौघं शिक्षक मिळून एकाच गाडीनं जाणार, पेट्रोल वाटून घेणार. काही अडचण?

कल्पना चांगली, चौघांत तर १६ चं अ‍ॅव्हरेज पण परवडतं. गाडी मात्र एकाच्याच नावावर आणि एकाच्याच पैशातनं घ्या, भागीदारीतली गाडी बदलीची ऑर्डर निघाली की भांडण लावते. पेट्रोल आणि टोल समान वाटून घ्या, पण त्यावर नफा धरू नका आणि रस्त्यातले पॅसेंजर पैसे घेऊन बसवू नका. खाजगी गाडी भाड्यानं वापरली तर पॉलिसीतच ते वगळलेलं असतं आणि क्लेम अडतो.

आणि दुसरं, जे कुणी सांगत नाही: नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत गाडीत बसलेल्या सोबत्यांना भरपाई मिळेलच असं नाही. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला मिळेल, शेजारी बसलेल्या मॅडमला नाही, आणि मग ती जबाबदारी गाडीमालकावर. फुल पॉलिसी घ्या, सोबत्यांसाठी पर्सनल अ‍ॅक्सिडेंटचं कव्हर जोडून मिळतं ते जोडा, चौघांत वाटलं तर माणशी काहीच पडत नाही. मागं बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा.

२०. मालक वारलेत, त्यांचा मुलगा गाडी विकतोय. कागदं कशी?

मुलाची सही तुम्हाला चालणार नाही, कारण आरसीवर तो नाही. आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ द्या. त्याला फॉर्म ३१, मृत्यू दाखला, वारसांची कागदं आणि बाकी वारसांची संमती लागते, आरटीओला ३० दिवसांत कळवून ३ महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे, उशीर झाला असेल तर दंड भरून होतं. त्याच्या नावावर झाली की मग प्रश्न १४ प्रमाणे तुमच्या नावावर. मयत माणसाच्या जुन्या सह्यांचे फॉर्म घरात सापडलेत, त्यावर करून टाकू, असं कुणी सुचवलं तर तिथंच नाही म्हणा. इसार द्यायचाच असेल तर थोडा द्या, बँकेतून द्या, आणि नाव झालं नाही तर किती दिवसांत परत मिळणार ते त्याच कागदावर लिहून घ्या.